बर्फाच्या प्रदेशातील परसबाग

(शिक्षक, विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या परसबाग प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेले दोन दिवस आपण वाफे, कंपोस्ट खत, शेवगा आणि सांडपाण्यावरील भाजीपाला यांविषयी तज्ज्ञांकडून ऐकत आहात. संयोजकांनी माझ्याकडे मात्र जरा आडवाटेचा विषय सोपविला आहे. जेथे वर्षातील चार-साडेचार महिने जमीन दगडासारखी गोठलेली असते, तेथील सामान्य गृहस्थ आपले परसदार आणि आपले घर ऋतूंनुसार कसे सजवितो, हे मी सांगावे अशी त्यांची इच्छा आहे. मी कृषी खात्यात बत्तीस वर्षे काढली. तेव्हा या विषयात मला कोणी शिकवावे असे काही उरलेले नाही, असा एक समज निवृत्तीच्या वेळी माझ्या मनात होता. तो कसा दूर झाला, हेही ओघाने सांगतोच.

माझी कन्या अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहरी राहते. तिच्याकडे आम्ही उभयता दोन खेपांस जाऊन राहिलो. पहिल्या खेपेस २०१८ च्या मे महिन्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, आणि दुसऱ्या खेपेस २०२२ च्या नोव्हेंबरपासून २०२३ च्या एप्रिलअखेरपर्यंत. त्यामुळे वर्षाचे चक्र आम्हांस दोन तुकड्यांत का होईना, पुरते पाहावयास मिळाले. हे शहर ४५ अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या अगदी मध्यावर आहे. मुंबईत वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा असतो. तेथे जूनमध्ये साडेपंधरा तासांहूनही मोठा दिवस असतो आणि डिसेंबरात तो पावणेनऊ तासांवर येतो. जानेवारीतील रात्रीचे सरासरी तपमान शून्याखाली १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ३० जानेवारी २०१९ रोजी तर तेथे उणे ३३ अंशांची नोंद झाली. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी दव गोठले की त्याची छायाचित्रे आपल्या वृत्तपत्रांत छापून येतात; त्या मानाने ही थंडी कोणत्या जातीची असेल याची कल्पना करावी.

अशा हवामानात झाडे लावावयाची तर पहिला प्रश्न हा की, कोणते झाड हिवाळा काढील? या प्रश्नाचे उत्तर तेथे सरकारने नकाशाच्या रूपाने दिले आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० साली देशाचे थंडीनुसार विभाग पाडून नकाशा प्रसिद्ध केला. एखाद्या ठिकाणी वर्षातील सर्वांत थंड रात्र सरासरीने किती थंड असते, एवढ्या एकाच मापावर हे विभाग केलेले आहेत. रोपवाटिकेतील बहुवर्षायू झाडाच्या चिठ्ठीवर हा विभागाचा क्रमांक छापलेला असतो. शेतकीचे अक्षरही न शिकलेला माणूस त्यावरून आपले झाड निवडतो. २०१२ च्या नकाशात मिनियापोलिस '४ ब' या विभागात, म्हणजे उणे ३२ ते उणे २९ अंशांच्या पट्ट्यात होते. २०२३ च्या सुधारित नकाशात शहराचा बहुतेक भाग '५ अ' या, म्हणजे उणे २९ ते उणे २६ अंशांच्या विभागात गेला आहे. अनुभवी बागाईतदार मात्र या बढतीवर फारसा विश्वास ठेवीत नाहीत. सरासरी कितीही सुधारली तरी झाड मरण्यास एक वाईट रात्र पुरते, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते.

या प्रदेशात फळझाड जगविण्यासाठी माणसांनी काय काय सोसले त्याची एक हकीकत तेथे नेहमी सांगितली जाते. पीटर गिडियन नावाचा गृहस्थ १८५३ साली मिनेटोंका सरोवराकाठी येऊन स्थायिक झाला आणि त्याने सफरचंदाची बाग लावली. सुमारे दहा वर्षांत ती जवळजवळ सगळी थंडीने मेली. तेव्हा हाती उरलेल्या मोजक्या डॉलरांत हिवाळ्यासाठी कोट घ्यावयाचा की मेन राज्यातून सफरचंदाचे बी मागवावयाचे, असा प्रश्न त्याच्यापुढे पडला. त्याने बी मागविले आणि जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून कोट शिवला, अशी आख्यायिका आहे. कोटाची गोष्ट कितपत खरी हे देव जाणे. परंतु त्या बियांतून वाढलेल्या एका झाडापासून १८६८ साली 'वेल्दी' हे वाण निघाले, आणि त्यास गिडियनने आपल्या पत्नीचे नाव दिले, हे मात्र खरे आहे. पुढे १९०८ साली मिनेसोटा विद्यापीठाने फळझाडांच्या पैदाशीसाठी स्वतंत्र प्रक्षेत्र उभारले. तेथून १९२२ साली 'हॅरलसन' आणि १९९१ साली 'हनीक्रिस्प' ही सफरचंदे बाहेर पडली. हनीक्रिस्पचा मूळ संकर १९६० सालचा आहे. म्हणजे संकर केल्यापासून वाण लोकांच्या हाती पडेपर्यंत एकतीस वर्षे गेली! एका अधिकाऱ्याची संपूर्ण नोकरी एवढ्यात संपते.

आता आमच्या स्वतःच्या अनुभवाकडे वळतो. पहिल्या खेपेस निघताना आमच्या सौ.ने तुळस, भेंडी आणि गवार यांच्या बियांच्या पुरचुंड्या बांधून घेतल्या होत्या. परदेशी बी नेण्यास वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, हे मला नोकरीमुळे ठाऊक होते. तरीही 'एवढेसे बी, त्याला कोण विचारतो' असे म्हणून मी गप्प राहिलो. विमानतळावर फॉर्म भरताना मात्र धीर झाला नाही आणि मी सर्व लिहून दिले. बी तेथेच राहिले. नियम रास्तच आहे. किडी आणि रोग अशाच पुरचुंड्यांतून जग फिरतात. पुढे तुळशीचे रोप कन्येच्या एका परिचितांकडून मिळाले, आणि मेथी व कोथिंबीर तर वाण्याकडच्या मेथ्या आणि धने पेरूनच उगवली.

तेथे घराबाहेरील लावणीचा मुहूर्त मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येणाऱ्या मातृदिनाच्या सुमारास धरतात. त्यापूर्वी टोमॅटो-मिरचीची रोपे बाहेर लावली तर शेवटचे गोठणारे दव ती नेईल ही धास्ती असते. म्हणून मार्चअखेरीस, बाहेर बर्फ असतानाच, लोक तळघरात दिव्यांच्या प्रकाशाखाली टोमॅटोचे बी टाकतात. ही रोपे एकदम बाहेर नेऊन लावीत नाहीत. आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ ओटीवर ठेवून त्यांना वाऱ्याची आणि उन्हाची सवय करतात. हा आठवडा ज्यांनी चुकविला त्यांची रोपे पांढरी पडून बसलेली मी पाहिली आहेत. काही जण याहून सोपी युक्ती करतात. दुधाच्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या बरण्या मधोमध कापून त्यांत माती भरतात, रानफुलांचे बी टाकतात आणि झाकण लावून त्या जानेवारीतच अंगणातील बर्फात ठेवून देतात. तेथील कित्येक रानफुलांच्या बियांना थंडी लागल्याखेरीज अंकुरच फुटत नाही. ती थंडी त्यांना फुकट मिळते.

मे-जूनच्या गारव्यात मेथी-कोथिंबीर उत्तम आली. भेंडी जुलैपर्यंत हिरमुसलेली होती. कांद्याच्या बाबतीत मला नवा धडा मिळाला. आपला नाशिकचा कांदा लहान दिवसांत पोसणारा आहे. पंधरा तासांच्या दिवसात तो लावला तर पात पुरती वाढण्यापूर्वीच गड्डा धरतो आणि लिंबाएवढा राहतो. तेथे मोठ्या दिवसांची वाणे निराळी आहेत. पुस्तकात मी हे वाचले होते; प्रत्यक्ष पाहण्यास साठी उलटावी लागली.

सजावटीविषयी बोलताना आपल्या मनात कागदी पताका आणि विजेच्या माळा येतात. तेथे मात्र घराची शोभा बहुतांशी परसातूनच येते. मार्चमध्ये बाहेर सर्व निष्पर्ण असताना फॉर्सिथियाच्या डहाळ्या कापून घरात पाण्यात ठेवतात, म्हणजे ऊब लागून दहा-पंधरा दिवसांत त्या पिवळ्या फुलांनी भरतात. मे महिन्यात लायलॅकचे तुरे येतात. मेच्या शेवटच्या सोमवारी दिवंगतांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा दिवस असतो, त्या दिवशी हेच तुरे लोक घरच्या झाडाचे तोडून नेतात. उन्हाळ्यात ओटीवर टांगत्या कुंड्या. ऑगस्टअखेर भरणाऱ्या राज्याच्या मोठ्या जत्रेत भाजीपाल्याच्या स्पर्धा तर असतातच, पण १९६५ पासून तेथे धान्यचित्रांचीही स्पर्धा भरते. फळीवर राज्यात पिकणाऱ्या पिकांचे बी एकेक दाणा चिकटवून चित्रे काढावयाची. आमच्या सौ.ने पुष्कळ वेळ ती निरखली आणि 'रांगोळीच आहे, पण वाऱ्याने उडत नाही' असा अभिप्राय दिला.

ऑक्टोबरच्या पूर्वार्धात एके दिवशी सायंकाळी आमच्या गल्लीतील बायकापुरुष जुन्या चादरी घेऊन बाहेर पडले आणि झाडांवर पांघरू लागले. शेजारच्या वृद्ध बाईंनी कुंपणापाशी येऊन मला सांगितले की, आज रात्री दव गोठेल. आपली कुंडी आत घ्या. आकाश निरभ्र होते, दुपारी चांगले ऊन होते. मी मान डोलावली, आणि मनात म्हटले की, एवढ्या उन्हात कसले दव गोठते! वस्तुतः निरभ्र आणि निवांत रात्रीच जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते, हे मी स्वतः ग्रामसेवकांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. सकाळी तुळस काळी पडली होती. पाने उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी लोंबत होती. पाच महिने तिला रोज पाणी घातल्याखेरीज सौ.ने चहा घेतला नव्हता. ती मला काहीच बोलली नाही. त्या दिवशी आणि त्यानंतरचे दोन दिवसही ती कोणाशी फारशी बोलली नाही. 'बत्तीस वर्षे' हा शब्द मी त्या घरात पुन्हा उच्चारला नाही.

त्या शेजारीण बाई विद्यापीठाच्या विस्तार विभागाच्या प्रशिक्षित स्वयंसेविका आहेत, हे मला नंतर समजले. ही योजना विस्तार अधिकाऱ्यांनी अवश्य लक्षात घेण्याजोगी आहे. १९७२ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात बागकामाविषयी लोकांचे प्रश्न इतके वाढले की विस्तार कर्मचारी अपुरे पडू लागले. तेव्हा हौशी बागाईतदारांस रीतसर शिक्षण द्यावयाचे आणि त्याच्या बदल्यात त्यांनी काही तास लोकांच्या शंकांचे विनामूल्य समाधान करावयाचे, अशी व्यवस्था निघाली. मिनेसोटात ती १९७७ पासून सुरू आहे. आमच्या गल्लीत जे चादरी घेऊन बाहेर पडले ते या एका बाईंच्या सांगण्यावरून.

पानगळीनंतरची कामे अनेक आहेत. नाजूक जातीच्या गुलाबांचा तेथील उपाय ऐकून आपणांस नवल वाटेल. ऑक्टोबरच्या मध्यास झाडाच्या फांद्या बांधतात, एका बाजूची मुळे मोकळी करून पूर्ण झाड चरात आडवे निजवितात, वर माती आणि पालापाचोळा टाकतात आणि एप्रिलमध्ये पुन्हा उभे करतात. लसूण ऑक्टोबरात लावून बर्फाखाली ठेवतात. तो जुलैत निघतो. बहुवर्षायू फुलझाडांवर आच्छादन घालावयाचे ते जमीन गोठल्यानंतर, आधी नव्हे. मला हे उलटे वाटले होते. परंतु आच्छादनाचा हेतू जमीन उबदार ठेवणे हा नसून ती एकदा गोठली की गोठलेलीच राहावी हा आहे. कारण दिवसा वितळणे आणि रात्री गोठणे असे चालू राहिले म्हणजे माती फुगून रोपे मुळांसकट वर ढकलली जातात. बर्फ हे सर्वांत चांगले आच्छादन होय. मात्र त्याच बर्फावर उभे राहून ससे कोवळ्या झाडांची साल वरपर्यंत कुरतडतात, म्हणून खोडाला जाळी लावताना बर्फाची उंचीही हिशेबात धरावी लागते. आम्ही होतो त्या २०२२-२३ च्या हिवाळ्यात एकूण सुमारे २३० सेंटीमीटर बर्फ पडला. त्या शहराच्या नोंदींत हा तिसऱ्या क्रमांकाचा हिवाळा ठरला.

पालापाचोळ्यासंबंधी एक गोष्ट पंचायत सदस्यांसाठी सांगतो. बागेतील कचरा कचरा-डेपोत पुरण्यास त्या राज्यात १९९२ पासून पूर्ण बंदी आहे. त्याचे कंपोस्टच झाले पाहिजे. रस्त्याच्या कडेला पडलेली पाने गटारांतून सरोवरांत जातात आणि त्यांतील स्फुरदामुळे पाण्यावर शेवाळ माजते, म्हणून लोक आपल्या दारापुढील गटाराचे तोंडही झाडून ठेवतात. याच कारणास्तव हिरवळीस स्फुरदयुक्त खत घालण्यावर राज्याने २००२ साली कायदा करून निर्बंध आणले आणि २००५ पासून ते राज्यभर लागू झाले. मातीपरीक्षणात उणीव दिसली किंवा नवी हिरवळ लावावयाची असली तरच ते घालता येते. मातीपरीक्षणाविषयी आपण इतकी वर्षे व्याख्याने देत आहोत. तेथे खताच्या पिशवीलाच त्याची अट घातली गेली. २०१९ पासून हिरवळीचा काही भाग काढून मधमाश्यांच्या उपयोगी रानफुले लावणाऱ्या घरमालकांस राज्य सरकार खर्चाचा काही भाग देते. पुढे २०२३ साली असाही कायदा झाला की, नीट राखलेल्या अशा नैसर्गिक बागेस कोणत्याही नगरपालिकेने मनाई करू नये. त्यापूर्वी गवत वाढले म्हणून नोटिसा येत असत.

दुसऱ्या खेपेस आम्ही नोव्हेंबरात पोहोचलो तेव्हा परस उजाड होते, पण दारोदारी मोठ्या कुंड्या मात्र सजलेल्या होत्या. कुंडीतील माती गोठण्यापूर्वी तीत स्प्रूसचे शेंडे, लाल डॉगवुडच्या काड्या आणि पांढऱ्या सालीच्या बर्चच्या काटक्या खोचून ठेवतात. पाणी घालताच माती गोठते आणि ते सर्व मार्चपर्यंत जागच्या जागी राहते. पांढऱ्या बर्फावर तो हिरवा-तांबडा रंग फार खुलतो. ही केवळ हौस नव्हे. उत्तरेकडील अरण्यांत शेंडे आणि बाल्समच्या डहाळ्या तोडण्याचा मोठा हंगामी व्यवसाय यावर चालतो. दोन-तीन रात्री कडक गोठण झाल्यावरच डहाळ्या तोडतात, नाहीतर सुया झडून जातात. खालच्या भागातील, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या डहाळ्याच मोडावयाच्या असा दंडक आहे, आणि मोठ्या प्रमाणावर डहाळ्या विकत घेणाऱ्यास राज्याचा परवाना लागतो.

सजावटीतूनही संकट येते, हेही सांगितले पाहिजे. शोभेच्या माळांत नारिंगी फळांची एक आशियाई वेल गुंफीत असत. हिवाळा संपल्यावर माळ मागील दारी फेकली की पक्षी ती फळे खातात आणि वेल रानात पसरून झाडांना गळफास लावते. आता ती त्या राज्यात बंदी घातलेल्या तणांच्या यादीत आहे. दुसऱ्या राज्यांतून आलेल्या हिरव्या माळांवर हेमलॉकचा खवले कीटक सापडल्यापासून, सण झाल्यावर माळा कंपोस्टात न टाकता जाळा किंवा पिशवीत बंद करून कचऱ्यात द्या, अशी सूचना राज्याचे कृषी खाते करते. घाणेरी शोभेसाठीच आपल्या देशात आली होती, हे आपणांस माहीत आहेच.

परंतु त्या हिवाळ्यात मला खरी काळजी झाडांची नव्हती. साडेचारलाच अंधार पडू लागला. बाहेर निसरडे, म्हणून फिरणे बंद. कन्या आणि जावई कामावर गेले की आम्ही दोघे काचेतून पांढरे अंगण पाहत बसत असू. डिसेंबरात सौ.ची झोप गेली, जेवण कमी झाले, आणि 'मला घरी न्या' याखेरीज ती बोलेनाशी झाली. डॉक्टरांनी हा अंधाराचा आजार असल्याचे सांगून औषध आणि सकाळी प्रखर दिव्यापुढे बसणे असा उपचार सांगितला. त्याचा गुण आलाच. त्याबरोबरच शेजारच्या बाईंनी तिला आपल्या तळघरात बोलाविण्यास सुरुवात केली. तेथे दिव्यांखाली रोपे होती, अमॅरिलिसचे कांदे फुलत होते. दोघींना एकमेकींची भाषा फारशी येत नव्हती. कोणत्या रोपाला पाणी हवे हे मात्र दोघींनाही समजत होते.

जानेवारीच्या अखेरीस कडाक्याची थंडी पडली तेव्हा बाईंनी तिला बर्फाचे दिवे करावयास शिकविले. बादली पाण्याने भरून रात्रभर बाहेर ठेवावयाची. पाणी बाहेरून आत गोठत जाते. मधले पाणी अजून पातळ असतानाच बादली उपडी करून ते ओतून टाकले की बर्फाची पोकळ हंडी तयार होते, आणि तीत मेणबत्ती लावतात. २८ जानेवारीस रथसप्तमी होती. सौ.ने तेवीस दिवसांत प्रथमच नवी साडी नेसली, अंगणाच्या पायवाटेवर अशा नऊ हंड्या मांडल्या, मेणबत्तीऐवजी आतून पणत्या लावल्या आणि गल्लीतील बायकांना हळदीकुंकवास बोलाविले. अकरा जणी आल्या. जाड कोट, लोकरी टोप्या, आणि त्यांखालच्या कपाळावर हळदकुंकू. वाण म्हणून प्रत्येकीस तिने मेथीचे रोप लावलेला कागदी पेला दिला.

कन्येकडे त्या वर्षी पुन्हा तुळस होती. तिने ती सप्टेंबरातच आत घेतलेली होती. रात्री खिडकीच्या काचेला पान टेकले तरी ते करपते, म्हणून मी रोज झोपण्यापूर्वी कुंडी वीतभर आत सरकवीत असे. मार्चमध्ये तिच्या मंजिऱ्यांचे बी आम्ही पेल्यांत पेरले. आम्ही परत निघालो तेव्हा रोपे चार पानांवर होती. आता दरवर्षी मे महिन्यात कन्येचा फोन येतो आणि तुळस बाहेर ठेवू का, असे ती विचारते. मी काही सांगण्याच्या आत सौ. माझ्या हातून फोन घेते आणि आधी रात्रीचे तपमान विचारते.